अंगठ्याच्या टप्प्यातलं दुकान

ताम्हिणी घाट उतरून पुण्याची गाडी माणगावात चहाला थांबते. शनिवारची सकाळ. दिवेआगर अजून तास-सव्वा तासावर आहे आणि उतरायचं कुठे ते ठरलेलं नाही. घाटात गेलेली रेंज आता कुठे दोन दांड्यांपर्यंत आली आहे. घरातली सून एका हातात चहाचा ग्लास धरते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं राहण्याची सोय शोधायला लागते. पहिली साइट उघडते. वर पाच मोठे फोटो एकामागून एक सरकतात, पण एकही पुरता उघडायच्या आत दुसरा येतो. खालची अक्षरं मुंगीएवढी. चिमटीनं मोठी करावीत तर ओळ उजवीकडे पळते. फोन नंबर दिसतो, पण तो फोटोवरच छापलेला. त्यावर कितीही बोट दाबलं तरी फोन लागत नाही. खोलीचं भाडं पीडीएफमध्ये आहे आणि ती उतरायला तयार नाही. "मिळालं का काही?" सासरे विचारतात. ती मागे येते, खालची दुसरी साइट उघडते. इथे नंबराचं ठसठशीत बटण आहे. दाबल्याबरोबर घंटी वाजते आणि पलीकडून आवाज येतो, "दोन खोल्या आहेत. जेवायला किती जण?" चहा संपतो, गाडी निघते.

असा शनिवार कोकणातल्या रस्त्यांवर दर आठवड्याला येतो. त्या पहिल्या घराच्या खोल्या कदाचित जास्त हवेशीर असतील, मोदक जास्त सुबक असतील. पण त्या घरमालकाला कधी कळणारच नाही, की माणगावात चहाच्या टपरीशेजारी त्याचं गिऱ्हाईक हातातून गेलं. दुकानाच्या पायरीवरून कुणी परत गेलं तर ते गल्ल्यावर बसलेल्याला दिसतं. त्याला हाक मारता येते. साइटवरून परत गेलेल्या माणसाचा आवाज होत नाही.

हे पुस्तक त्या पहिल्या घराच्या मालकासाठी आहे. त्याच्यासारख्याच येवल्यातल्या पैठणीवाल्यासाठी, सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यासाठी, सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणाऱ्या कारागिरासाठी, डोंबिवलीत शिकवणी चालवणाऱ्या शिक्षिकेसाठी आहे. या माणसांनी पदरचे पैसे घालून साइट करून घेतली आहे. त्यांचं चुकलं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. साइट बनवणारा ती मोठ्या पडद्यासमोर बसून बनवतो, मालकाला लॅपटॉपवर दाखवतो आणि मालक तिथेच मान डोलावतो. या व्यवहारातला तिसरा माणूस, म्हणजे गिऱ्हाईक, त्या खोलीत हजरच नसतो. तो उभा असतो रस्त्यावर, उन्हात, एका हातात पिशवी घेऊन. मोबाइलवर चालणारी साइट म्हणजे काय, याचं उत्तर त्या माणसापासून सुरू करावं लागतं. पुढची सगळी प्रकरणं तिथूनच सुरू होतात.

मुंगीएवढी अक्षरं येतात कुठून, हे समजून घेण्यासाठी २००७ सालात जावं लागतं. त्या वर्षी ॲपलनं पहिला आयफोन आणला. त्याचा पडदा उभा धरला की ३२० पिक्सेल रुंद होता आणि जगातल्या साइट मात्र संगणकाच्या रुंद पडद्यासाठी लिहिलेल्या. ॲपलच्या मंडळींनी तोड काढली. फोननं पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते मांडायचं आणि मग सगळंच्या सगळं आक्रसून छोट्या पडद्यात बसवायचं. वाचायचं असेल त्याने चिमटीनं मोठं करावं. त्या काळात ही सोय मोठीच होती, कारण त्याआधीच्या फोनवर पूर्ण साइट धड दिसतही नसे. पण ज्या साइटनं फोनला "तुझा पडदा आहे तेवढाच धर" असं सांगितलेलं नाही, ती साइट आजही तशीच आक्रसून दिसते. हे सांगणारी सूचना पानाच्या माथ्यावर एका ओळीत लिहिता येते. जाणकार तिला व्ह्यूपोर्टची ओळ म्हणतात. ती नसलेली साइट आजही हाती लागते, तेव्हा वाईट वाटतं. एवढ्याशा ओळीसाठी गिऱ्हाईक परत जातं.

नुसती ती ओळ घालून भागत नाही, कारण मांडणीही त्याप्रमाणे हलावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्या दोन-दोन साइट ठेवत, एक संगणकासाठी आणि एक फोनसाठी. दर वाढला की दोन ठिकाणी बदलायचा, एकीकडे विसरला की भांडण. २५ मे २०१० रोजी इथन मार्कट या अमेरिकी वेब डिझायनरनं 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव रूढ केलं. शब्द त्यानं वास्तुकलेतून घेतला होता. आत आलेल्या माणसांप्रमाणे बदलणाऱ्या खोल्या आणि भिंती यांचा विचार तेव्हा काही वास्तुरचनाकार करत होते. त्याच्या मांडणीत तीन गोष्टी होत्या. रकान्यांची रुंदी ठाम आकड्यात न देता पडद्याच्या टक्केवारीत द्यायची, चित्रं रकान्याबरोबर लहानमोठी होऊ द्यायची, आणि पडदा किती रुंद आहे ते विचारून त्याप्रमाणे मांडणी बदलायची. संगणकावर शेजारी शेजारी असलेले तीन रकाने फोनवर एकाखाली एक येतात ते यामुळे. आज बाजारात मिळणारे बहुतेक तयार साचे याच तत्त्वावर बांधलेले असतात.

साधारण त्याच सुमारास लूक रोब्लेव्स्की हा दुसरा डिझायनर वेगळं काही सांगत होता. २०११ मध्ये त्याचं 'मोबाइल फर्स्ट' हे छोटं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की साइट आधी फोनसाठीच आखा आणि मग मोठ्या पडद्यावर वाढवत न्या. छोट्या व्यावसायिकाला मार्कटच्या लेखापेक्षा हा विचार अधिक कामाचा आहे. वाड्यातला संसार वन-रूम-किचनमध्ये हलवताना जे होतं तेच इथे होतं. फडताळं, पाट, पितळी हंडे सगळं नेता येत नाही. रोज काय लागतं ते ठरवावं लागतं. संगणकाच्या पानावर मालकाचा संदेश, संस्थापकांचा फोटो, उद्घाटनाच्या बातमीचं कात्रण आणि 'आमचे ध्येय' हे सगळं मावतं, म्हणून ते राहतं. फोनच्या पडद्यावर पहिल्या क्षणी चार-सहा ओळीच दिसतात. त्यात काय असावं, हा प्रश्न मालकाला आपल्या धंद्याकडे नव्यानं बघायला लावतो. दिवेआगरच्या घरासाठी त्या ओळी म्हणजे समुद्र किती पावलांवर, आज खोली आहे का, भाडं किती आणि फोन कुठे करायचा.

भारतात हा प्रश्न पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळ्या वाटेनं आला. तिकडे लोक आधी संगणक शिकले आणि मग फोनवर आले. इथे मात्र कोट्यवधी माणसांच्या हातात पहिलं इंटरनेट आलं ते फोनमधूनच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि ज्या घरात कधी संगणक नव्हता तिथे व्हिडिओ दिसू लागले. पुढच्याच वर्षी आलेल्या जिओफोनचा पडदा तर २.४ इंचांचा होता. त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात स्टॅटकाउंटर या मोजणी संस्थेनं नोंदवलं, की जगात पहिल्यांदाच फोन आणि टॅब्लेटवरून होणारा वेबचा वापर संगणकाच्या पुढे गेला: ५१.३ टक्के विरुद्ध ४८.७. तेव्हा 'मोबाइलवरची साइट' हा मूळ साइटला लावलेला जोड आहे ही समजूत इथल्या व्यावसायिकानं मनातून काढायला हवी. त्याच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी ती दुसरी, मोठी साइट पाहिलेलीच नसते.

गूगलनंही हे ओळखलं. २१ एप्रिल २०१५ पासून फोनवरच्या शोधात फोनला सोयीची पानं वर येऊ लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये गूगलनं जाहीर केलं, की यापुढे साइटचं फोनवरचं रूपच मूळ धरून नोंद केली जाईल. ते काम टप्प्याटप्प्यानं चाललं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं कळवलं गेलं. याचा एक परिणाम अनेकांच्या ध्यानात येत नाही. जागा वाचवायची म्हणून फोनवरच्या पानातून अर्धा मजकूर काढून टाकला, तर गूगलच्या लेखी तो मजकूर उरतच नाही. निवड करायची ती क्रमात करावी. महत्त्वाचं वर घ्यावं, बाकीचं खाली न्यावं, पण ठेवावं.

मोठ्या कंपन्याही या वाटेवर ठेचकाळल्या आहेत. मे २०१५ मध्ये मिंत्रानं आपलं संकेतस्थळ बंद केलं आणि खरेदी फक्त ॲपवरूनच होईल असं ठरवलं. वर्षभरात तो निर्णय फिरवावा लागला. जून २०१६ पासून संकेतस्थळ पुन्हा उघडलं. फ्लिपकार्टनंही त्याच काळात फोनवरची साइट बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवलं होतं. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी 'फ्लिपकार्ट लाइट' आणलं. ती होती साइटच, पण फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवता येणारी, कमी डेटात चालणारी आणि रेंज गेली तरी कोरी न पडणारी. गूगलनं नंतर प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे लोक त्या साइटवर आधीच्या तिप्पट वेळ थांबू लागले, आणि तिच्याकडे येणाऱ्यांतले ६३ टक्के लोक टूजीवरून येत होते. एवढं भांडवल असलेल्या कंपनीलाही कळून चुकलं, की एकदाच काही घ्यायला आलेला माणूस त्यासाठी ॲप उतरवून घेत बसत नाही. मग वर्षातून दोन-अडीच महिने आंबा विकणाऱ्या बागायतदारानं ॲपवर लाखभर रुपये घालू नयेत, हे वेगळं सांगायला नको. त्या पैशात साइट लख्ख होते.

आता वेगाचं. २०१६ मध्ये गूगलच्या जाहिरात विभागानं एक आकडा प्रसिद्ध केला होता: फोनवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. हा आकडा खूप ठिकाणी उद्धृत होतो, पण पान जड होतं कशानं ते फार कमी जण शोधतात. छोट्या व्यवसायांच्या साइटवर बहुधा एकच गुन्हेगार सापडतो आणि तो म्हणजे फोटो. त्याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. हल्लीच्या फोननं काढलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि सहज ५ एमबीचा असतो. घरमालकाचा उत्साही पुतण्या असे आठ फोटो जसेच्या तसे साइटवर चढवतो. झाले ४० एमबी. माणगावच्या त्या दोन दांड्यांवर सेकंदाला १ मेगाबिट इतकाच वेग मिळत असेल, तर एवढं उतरायला पाच मिनिटांच्या वर लागतात. आणि दिसणार काय? साध्या फोनचा पडदा हजारभर ठिपके रुंद असतो, म्हणजे चार हजारांतले तीन हजार वाया. तेच फोटो १०८० ते १२०० पिक्सेल रुंद केले आणि वेबपी या प्रकारात साठवले, तर प्रत्येकी दीड-दोनशे केबीत बसतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. आठांचे मिळून दीड एमबी. त्यातही वरचा पहिला फोटो आधी येऊ द्यायचा आणि खालचे बोटानं पान वर सरकवल्यावर, अशी सोय आजकालच्या ब्राउझरमध्ये एका शब्दानं करता येते. मग पहिला फोटो दीड-दोन सेकंदांत डोळ्यांसमोर असतो. त्याच रेंजवर, त्याच फोनवर. खर्च म्हणाल तर पुतण्याची एक दुपार.

सरकत्या फोटोंची पट्टी मात्र काढूनच टाकावी. ती मालकाला आवडते, कारण संगणकावर ती भारदस्त दिसते. फोनवर ती पाच फोटोंचा भार घालते आणि एकही नीट पाहू देत नाही.

उघडण्याच्या वेगाशिवाय आणखी दोन त्रास असतात आणि गूगल आता तिन्ही मोजतं. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी पानाच्या स्थिरतेची. वाचता वाचता वरून एखादी जाहिरात किंवा उशिरा आलेलं चित्र टपकतं, सगळा मजकूर खाली ढकलला जातो आणि 'नक्की करा' वर टेकणारं बोट 'रद्द करा' वर पडतं. चित्राची रुंदी-उंची आधीच सांगून ठेवली, की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि हा उपद्रव थांबतो. तिसरी कसोटी मार्च २०२४ पासून लागू झाली: बटण दाबल्यावर पानानं २०० मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हालचाल दाखवावी. स्वस्त फोनवर ही कसोटी सगळ्यात अवघड जाते. दाबलं की नाही ते न कळल्यानं माणूस पुन्हा दाबतो आणि दोन ऑर्डर जातात. बसची तिकिटं विकणाऱ्या रेडबसनं हा प्रतिसाद सुधारण्यावर मेहनत घेतली आणि त्यानंतर विक्री सात टक्क्यांनी वाढल्याचं प्रसिद्ध झालं आहे. बटणं लवकर हलू लागली होती.

या विषयावरची बहुतेक पुस्तकं इंग्रजी साइट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. मराठी साइटचे म्हणून काही खास प्रश्न आहेत आणि त्यांना पुढे एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. पहिला प्रश्न जुन्या फाँटांचा. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या पद्धतीनं टंकलेला मराठी मजकूर अजून काही साइटवर आहे. ज्या संगणकावर तो फाँट बसवलेला आहे तिथे तो नीट दिसतो. फोनवर मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. गूगललाही ती खिचडीच दिसते, म्हणजे 'हापूस' असा शब्द शोधणाऱ्याला ते पान कधी सापडत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हे पहिलं काम. दुसरं, देवनागरी फाँटची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बरीच जड असते. मथळ्यासाठी मुंबईच्या एक टाइपनं केलेला 'मुक्त' किंवा 'बलू' यांसारखा देखणा फाँट जरूर वापरावा, पण त्याची चार-पाच वजनं, म्हणजे बारीक-जाड रूपं, लादू नयेत. खालच्या मजकुराला फोनमध्ये आधीपासून असलेली देवनागरी चालते. अँड्रॉइड फोनमध्ये नोटो सान्स देवनागरी असतेच.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मराठी डोळ्याला ती खुपते. इंग्रजी साच्यात मथळ्याच्या अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची पद्धत असते. तोच साचा मराठीला लावला, की शिरोरेषा तुटते आणि 'घरगुती जेवण' हे दोन शब्द दातपडल्यासारखे दिसू लागतात. ती जागा शून्यावर आणली की शब्द पुन्हा सांधतात. तसंच ओळींमधलं अंतर. रोमन अक्षरांना पुरतं तेवढं अंतर मराठीला पुरत नाही. खालच्या ओळीची वेलांटी आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांत अडकतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं अधिक अंतर ठेवलं तर डोळा अडखळत नाही. आणि पानाच्या माथ्यावर ही भाषा मराठी आहे असं नोंदवायला विसरू नये. ज्या फाँटात दोन्ही रूपांची सोय असते तिथे एवढ्या नोंदीनं 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी आपल्या शाळेत गिरवलेल्या वळणाचे येतात. आंधळ्या माणसाला पान वाचून दाखवणारा फोनमधला आवाजही त्याच नोंदीवरून मराठी उच्चार निवडतो.

पुन्हा अंगठ्याकडे वळू. २०१३ मध्ये स्टीव्हन हूबर या अभ्यासकानं रस्त्यात, बसथांब्यांवर, कॅफेत फोन वापरणाऱ्या १३३३ लोकांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. पडद्याला बोट लावून काम करणाऱ्यांतले ४९ टक्के लोक एकाच हातानं फोन धरून त्याच हाताचा अंगठा चालवत होते. त्यानंतर फोन आणखी मोठे झाले आणि पडद्याचा वरचा कोपरा अंगठ्यापासून आणखी दूर गेला. तरीही साइटचा मेनू त्या कोपऱ्यातच बसलेला असतो. रोजची तीन-चार कामं, म्हणजे फोन, व्हॉट्सॲप, नकाशा आणि भाव, ही पडद्याच्या तळाशी पट्टीत ठेवली तर अंगठ्याला ताणावं लागत नाही. बटणाचा आकारही ठरलेला आहे: अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ४८ एकक, म्हणजे पडद्यावर सुमारे ९ मिलिमीटर, आणि ॲपलच्या मार्गदर्शनात ४४. मसाला कुटणाऱ्या किंवा सुतारकाम करणाऱ्या माणसाचं बोट आठवावं आणि त्याहून लहान बटण करू नये.

उन्हाचाही विचार हवा. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर घालण्याची जी फॅशन आहे ती वातानुकूलित खोलीत छान दिसते. दुपारी एसटी स्टँडवर ती अक्षरं नाहीशी होतात. सुगम्यतेच्या जागतिक नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान साडेचारास एक असावं असं सांगितलं आहे, आणि ते मोजणारी साधनं फुकट मिळतात. काही साइट चिमटीनं मोठं करण्याची सोयच बंद करून ठेवतात. साठीच्या पुढच्या डोळ्यांवर तो सरळ अन्याय आहे.

सर्वांत जास्त गिऱ्हाईक गळतं ते मात्र फॉर्मवर. त्यासाठी हापूसचं उदाहरण घ्यावं. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि थेट बागेतून पेटी मागवणारे लोकही शहरांत आहेत. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. एप्रिलमध्ये जो फॉर्म अर्धा टाकून गेला तो थेट पुढच्या एप्रिललाच आठवण काढणार, काढलीच तर. अशा बागायतदाराच्या साइटवर गिऱ्हाईक दोन पेट्या निवडतं आणि फॉर्मकडे येतं. आधी खातं उघडा म्हणतात. मग पासवर्ड, ज्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं. मग 'देश निवडा', आणि यादी अफगाणिस्तानपासून सुरू. पिनकोडच्या रकान्यात बोट ठेवावं तर आकड्यांऐवजी अक्षरांचा कीबोर्ड वर येतो. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं आणि परत यावं, तर भरलेला सगळा फॉर्म कोरा. शेवटी पैसे भरायच्या पानावर एक क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करायचा कशानं? स्कॅन करणारा फोन हाच, आणि कोड दिसतोय तोही याच फोनवर.

यातल्या प्रत्येक अडचणीला साधा उतारा आहे. खातं न उघडता ऑर्डर घ्यावी. नाव, फोन, पत्ता आणि पिनकोड एवढंच विचारावं. रकाना आकड्यांचा आहे हे साइटला सांगून ठेवलं, की फोन आपोआप आकड्यांचा कीबोर्ड देतो. नाव-पत्त्याच्या रकान्यांना ठरलेली नावं दिली, की फोन स्वतःच्या आठवणीतून ते भरून टाकतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आता भाजीवाल्याकडेही पोचलं आहे. क्यूआरच्या जागी यूपीआयची लिंक ठेवली तर दाबल्याबरोबर गिऱ्हाइकाच्या फोनमधलं पैसे भरायचं ॲपच उघडतं. फोन नंबर चित्रात न छापता अक्षरांत लिहून त्याला फोनची लिंक जोडली, की माणगावातली ती सून पहिल्याच घराला फोन लावते. पान उघडताच 'आमच्या योजना मिळवा' म्हणत अख्खा पडदा झाकणारी चौकट तर काढावीच. १० जानेवारी २०१७ पासून अशा पानांना गूगलही खाली ढकलू शकतं.

हे सगळं तपासायचं कसं? गूगलचं जुनं, एका दमात 'सोयीचं आहे' किंवा 'नाही' सांगणारं साधन डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं. पेजस्पीड इनसाइट्स हे फुकटचं साधन अजून आहे आणि त्याच्या गुणांवर एक प्रकरण पुढे येतं. पण खरी परीक्षा घरातच होते. घरातला सगळ्यात जुना, स्वस्त फोन काढावा. वायफाय बंद करावं. अंगणात किंवा रस्त्यावर उभं राहावं. मग फोन घरातल्या अशा माणसाच्या हाती द्यावा ज्यानं ही साइट कधी पाहिलेली नाही. मावशी असेल तर उत्तम. "दोन पेट्या मागव" एवढंच सांगावं आणि गप्प बसावं. "ते वर बघ", "तिथे दाब" असं सांगायची अनावर इच्छा होईल. ज्या ज्या क्षणी ती होईल तो क्षण टिपून ठेवावा, कारण तिथेच साइट कमी पडते आहे. अनोळखी गिऱ्हाइकाच्या मागे असं सांगायला कुणी उभं नसतं. दहा मिनिटांत जी यादी तयार होते, ती साइट बनवणाऱ्याच्या हातात ठेवावी. त्याला ती समजते, आणि प्रामाणिक माणूस असेल तर आवडतेही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम त्याच यादीच्या क्रमानं लावला आहे: आधी फोन लागणं, मग पान उघडणं, मग वाचता येणं, मग ऑर्डर आणि पैसे. ज्याला साइट नव्यानं करून घ्यायची आहे त्यानं सुरुवातीपासून वाचावं. ज्याची साइट आहे त्यानं आपलं दुखणं जिथे आहे ते पान आधी उघडावं, काही बिघडत नाही. तांत्रिक शब्द जिथे टाळता आले तिथे टाळले आहेत आणि जिथे आले तिथे ते साइट बनवणाऱ्याशी बोलताना उपयोगी पडतील म्हणून आले आहेत. मालकानं स्वतः कोड लिहावा अशी अपेक्षा कुठेही नाही. काय मागायचं ते मात्र त्याला माहीत हवं.

वाचकांना पान उलटण्याआधी एकच विनंती आहे. फोनचं वायफाय बंद करा, आपल्या साइटचं नाव टाका, आणि त्या साइटवरून, एका हातानं, स्वतःच्याच दुकानाला फोन लावून पाहा. घंटी वाजेपर्यंत किती सेकंद गेले तो आकडा या पानाच्या समासात आजच्या तारखेसह लिहून ठेवा.